स्टेडियमच्या चिठ्ठ्या

ये गं, अशी जवळ ये. अजून जवळ. तुझी खोड मला ठाऊक आहे, प्रश्न विचारायचा आणि उत्तराला थांबायचं नाही. मागं तू तो व्हिडिओ पाठवलास, मुंबईच्या मोठ्या स्टेडियममधल्या गाण्याच्या कार्यक्रमाचा. कापणीला आलेल्या ज्वारीसारखी दाट माणसं आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईलचा दिवा. खाली लिहिलंस, "थोरली आजी, तुमच्या कळंबला असलं कधी झालं होतं का?" आणि पुढं ते हसून हसून रडणारं पिवळं तोंड. मी चष्मा शोधला, पदरानं पुसला, फोन लावला, तर तू म्हणालीस, "आजी, मीटिंगमध्ये आहे, मग बोलू." त्या 'मग'ला आज अठरा दिवस झाले. शोभतं का हे तुला? म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं बरं असतं, समोरच्याला मध्येच 'हं, हं' करता येत नाही.

तर ऐक. होय, आमच्याकडं झालं होतं. एकदा नाही, लई वेळा झालं होतं.

आता ज्या मैदानावर पोलीसभरतीची पोरं पहाटे पळतात, तेच आमचं स्टेडियम. मुळात ते साधं मैदान. एका बाजूला सिमेंटच्या सात पायऱ्या बांधल्या, पाटी लावली, आणि त्या दिवसापासून त्याला मैदान म्हणणारा माणूस अडाणी ठरायला लागला. पायऱ्या बांधणाऱ्यानं त्यांचं तोंड नेमकं मावळतीला ठेवलं होतं. कार्यक्रमाला लवकर येऊन बसलं की ऊन थेट डोळ्यांत. आम्ही बायका पदर पार नाकापर्यंत ओढून घ्यायचो. समोरून जाणाऱ्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "काय मर्यादा पाळत्यात बघा कळंबच्या सुना!" आम्ही आतल्या आत हसायचो.

तुझ्या व्हिडिओतल्या स्टेडियमपुढं ते एवढंसं दिसेल. पण माणूस जेवढं बघतो तेवढंच मोठं धरतो. आम्ही त्याच्यापेक्षा मोठं काही बघितलं नव्हतं.

ऑर्केस्ट्रा यायचा तो सोलापूरचा, नाहीतर लातूरचा. आठ दिवस आधी रिक्षा भोंगा लावून फिरायची. त्या दिवशी आसपासच्या गावांतून एसट्या भरून यायच्या, ट्रॅक्टर यायचे. मैदानाला कनात लागायची, आणि त्या कनातीच्या आत आणखी एक कनात, बायकांची. आमचा कोपरा डाव्या हाताला, स्टेजच्या जवळ पण आडवा. तिथून गाणाऱ्याचं तोंड दिसायचं नाही, कान आणि खांदा दिसायचा. वाजवणारे मात्र सगळे दिसायचे. आम्ही पोत्यांवर बसायचो, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून न्यायचो. आणि मध्यंतर झालं की उठायचं, हा सगळ्या घरांचा नियम. मध्यंतरानंतरचा कार्यक्रम पुरुषांचा. त्यामुळं इतक्या वर्षांत एकाही कार्यक्रमाचा शेवट मी बघितलेला नाही. शेवटचं गाणं कुठलं असायचं हे अजूनही मला माहीत नाही, बघ.

पण माझा त्या स्टेडियममध्ये मान होता. हसू नकोस. माझ्यासाठी बायका जागा धरून ठेवायच्या, कारण मी चिठ्ठ्या लिहायचे.

फर्माइशीच्या चिठ्ठ्या. कुणाला कुठलं गाणं पाहिजे ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव आणि गाव, आणि चिठ्ठी हातोहात पुढं स्टेजवर पोचवायची. निवेदक ती माईकवर वाचायचा. गाणं वाजेल न वाजेल, पण आपलं नाव अख्ख्या स्टेडियमनं ऐकलं, एवढ्यासाठी माणसं दहा कोसांवरून यायची. पुरुष आपापल्या चिठ्ठ्या लिहायचे. बायकांच्या कनातीत लिहिता येणारी मी एकटी.

शाळेत मी गेले नाही हे तुला माहीत आहे. मी एसटीच्या पाट्यांवर शिकले. गाडी कुठं जाणार हे कंडक्टरला विचारायचं आणि तोच शब्द पाटीवर बघून घ्यायचा. 'क' कळंबचा, 'ब' बार्शीचा, 'ढ' ढोकीचा, 'य' येरमाळ्याचा. अक्षरं मला अशी गावागावांवरून आली. आणि असं शिकलेल्या माणसाला एक वाईट सवय लागते. शाळेत शिकलेला चुकायला भीत नाही, आम्ही भितो. मी नियम धरून ठेवले. नाव लिहायचं तर पूर्ण लिहायचं. आधी सौ., मग नाव, मग मालकांचं नाव, मग आडनाव, मग गाव. पोस्टमन आणून द्यायचा त्या पाकिटांवर तसंच असायचं. मी त्यात कानामात्रेचा फरक करत नव्हते.

गमती लई व्हायच्या. तेव्हा नवऱ्याचं नाव बायका तोंडानं घेत नसत. मी विचारायचे, "मालकांचं नाव?" की ती लाजायची. "सकाळी उगवतो त्याचं." मी लिहायचे. दुसरी म्हणायची, "देवीच्या देवळात जळतो त्याचं." तेही लिहायचे. एकदा अणदूरची एक बाई आली, ती म्हणाली, "खंडोबाच्या दुसऱ्या नावातलं." मी म्हणाले, "बाई, खंडोबाला नावं किती हायत, रात सरंल." मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, तिच्या नवऱ्याला सगळं गाव ज्या नावानं शिव्या देतं ते लिही की!" ती बाईसुद्धा पोट धरून हसली. मग तिनं माझ्या कानात नाव सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा असेल, आणि सांगून झाल्यावर जीभ चावली.

एवढी नावं मी लिहिली. सगळी नियमानं लिहिली.

आता तुझी आजी.

तुझी आजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. या घरात ती माझ्यामागून सहा वर्षांनी आली, माकणीहून. 'म' मी तिच्या गावावरून शिकले. आई लहानपणीच गेलेली, बाप तापट. तो इथं दोनदा आला, ओसरीवर पुरुषांत बसून चहा पिऊन गेला, लेकीला 'पोरी' म्हणाला, बस. तिला एक धाकटा भाऊ होता, पण तो तिच्या लग्नाच्या आधीच घरातून निघून गेला होता. त्याला वाजवायचं वेड. घागर म्हणू नको, पत्र्याचा डबा म्हणू नको, विहिरीवरचा लोखंडी पाइप म्हणू नको, दिसेल ते वाजवायचा. बाप म्हणायचा, कुळवावर हात बसत न्हाई आणि डब्यावर बरा बसतो. तुझ्या आजीनं त्याला काड्या म्हणून दोन लाटणी दिली होती, एक स्वतःच्या घरचं, दुसरं शेजारणीचं न विचारता उचलून. त्यावरून शेजारीण वर्षभर बोलली नाही. ही गोष्ट ती मला चुलीपुढं बसून कितीदा सांगायची आणि दर वेळी तशीच हसायची. मग शेवटी बापानं लाटणी मोडून चुलीत घातली, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा एका बँडबरोबर निघून गेला. बाप म्हणाला, मला पोरगा न्हाई. त्यानंतर ते नाव त्या घरात काढायचं नाही. लग्नात करवलीबरोबर भाऊ उभा राहतो तिथं तिचा चुलतभाऊ उभा राहिला.

इकडं स्टेडियममध्ये दिवस बदलत होते. आधी पेटी, अकॉर्डियन, तबला, आणि गाणारा कोट घालून खांबासारखा उभा. मग एका साली वायर लावलेली गिटार आली. गाणारे हलायला लागले, रंगीत दिवे फिरायला लागले, पायऱ्यांवरची पोरं शर्ट काढून डोक्यावर फिरवायला लागली. आणि ड्रम आला. नुसता एक नाही, अख्खा संसारच मांडल्यासारखा, लहान-मोठे ढोल, चकचकीत थाळ्या, पायानं वाजवायचा वेगळा. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा शेजारच्या म्हातारीनं माझा हात गच्च धरला. "मला घरी न्या गं, माझ्या छातीत धडधडतंय."

"मावशी, ते तुमच्या छातीत न्हाई, त्या ढोलात हाय."

"मग माझ्या छातीतलं कुठं गेलं?"

आम्ही हसत होतो. तेवढ्यात माझ्या दुसऱ्या बाजूला तुझी आजी उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, "अगं बस की, मागच्यांना दिसंना." ती बसली, पण माझ्याकडं बघितलंच नाही. त्या ढोलाच्या पसाऱ्यामागं एक माणूस होता, लांब केस, चमकणारा शर्ट. मान खाली घालून वाजवत होता, आणि वाजवताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढत होता.

ती माझ्या कानाशी आली. "अक्का, ह्यो माझा भाऊ हाय."

"कशावरनं?"

"जीभ बघा की. लहानपणापासनं तशीच काढतो."

स्टेजमागं जाऊन भेटायचं म्हटलं तर आमच्या घरात ते होणारं नव्हतं. सुनेनं ऑर्केस्ट्रावाल्याला जाऊन भेटायचं? सासऱ्यांना ती हरवलेल्या भावाची बहीण आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, लग्नात सांगितलंच नव्हतं. ट्रॅक्टर बाहेर उभा, मध्यंतराला निघायचं.

ती म्हणाली, "चिठ्ठी लिहा अक्का. माझं नाव लिहा. नाव ऐकलं की त्यो बघंल."

"गाणं कुठलं लिहू?"

"कुठलंबी. ज्यात ढोल लई वाजतोय ते."

मी चिठ्ठी लिहिली. माझ्या आयुष्यात मी इतक्या सुंदर अक्षरात काही लिहिलं नसेल. सौ. लिहिलं, तिचं नाव लिहिलं, भावजींचं नाव लिहिलं, आडनाव, कळंब. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ती हातात घेऊन बघितली, घडी घातली आणि स्वतः पुढच्या बाईच्या हातात दिली. चिठ्ठी हातोहात जाताना आम्ही दोघी बघत होतो.

निवेदकानं वाचली. स्वच्छ वाचली, एक अक्षर चुकला नाही. आमच्या कनातीत टाळ्या पडल्या, आपल्या बाईचं नाव आलं म्हणून. तुझी आजी उभी राहिली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला तरी तिला भान नव्हतं. तिनं हात वर केला.

त्यानं मान वर केली नाही. एका थाळीचा स्क्रू पिळला, टॉवेलनं तोंड पुसलं, काड्या हातात घेतल्या आणि वाजवायला लागला. आणि काय वाजवलं गं त्यानं! पायऱ्यांवरची पोरं नाचून नाचून दमली. तिच्याच फर्माइशीचं गाणं, तिच्याच भावानं वाजवलेलं. ती हात खाली घेऊन बसली. एवढ्या बायकांत मी तिच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवू शकले नाही.

घरी आल्यावर, पोरांना झोपवताना म्हणाली, "ओळख दिली न्हाई अक्का त्यानं. बापाचाच निघाला."

मी म्हणाले, "दिव्यांत दिसलं नसंल."

"दिसायचं कशाला? ऐकलं की."

मलाही तेच वाटलं होतं. मी त्याला मनातल्या मनात शिव्यासुद्धा घातल्या.

त्यानंतर ती स्टेडियममध्ये गेली नाही. पुढच्या साली तोच ऑर्केस्ट्रा आला. मी म्हणाले, चल. ती म्हणाली, "भाकरी कोण थापणार? तुम्ही जावा." आणि मी गेले. बायका माझी वाट बघत असतील ना! माझ्या चिठ्ठ्या, माझा मान. तो होता स्टेजवर. मला त्याच्याकडं बघवेना, म्हणून मी मान खाली घालून चिठ्ठ्या लिहीत राहिले.

मध्यंतराच्या थोडं आधी निवेदक माईकवर आला आणि त्यानं एक नाव पुकारलं. नुसतं पहिलं नाव, मुलीचं. म्हणाला, "जिथं असशील तिथून स्टेजच्या मागं ये. तुझ्या घरचं माणूस थांबलंय." थोडा वेळ थांबून पुन्हा पुकारलं.

असं दर कार्यक्रमात व्हायचं, गर्दीत लेकरं चुकायचीच. मला वाटलं कुणाची तरी पोरगी हरवली. मी आमच्या कनातीतल्या लहान लहान पोरींना विचारत फिरले, "तू का गं ती? तुझं नाव का हे?" एक पोरगी घाबरून रडायला लागली, तिची आई मला फाडफाड बोलली. मग मध्यंतर झालं. आम्ही निघालो.

घरी तुझी आजी तवा पुसत होती. म्हणाली, "कसा झाला?" मी म्हणाले, "बरा झाला. एक पोरगी चुकली होती, लई पुकारत होते."

"घावली का?"

"घावली असंल."

"घावली असू दे बाई," ती म्हणाली, आणि तवा भिंतीला टेकवून ठेवला.

तिसऱ्या सालीही तो आला होता. त्या वेळी कुणी काही पुकारलं नाही. चौथ्या साली दुसराच ऑर्केस्ट्रा आला आणि ढोलावर दुसरा माणूस होता.

पुढचं तुला थोडक्यात सांगते, कारण पुढचं तुझ्या आईनंही बघितलं आहे. एका दुष्काळात स्टेडियममध्ये गुरांची छावणी पडली, आमच्या बायकांच्या कोपऱ्यात कडब्याची गंज होती, तेव्हा दोन सालं गाणं झालं नाही. मग टीव्हीवर गाजलेली पोरं-पोरी यायला लागली. मग डीजेच्या भिंती आल्या, आणि वाजवणारी माणसंच गेली. बायकांची कनात कधी निघाली ते कळलंच नाही. एका साली बघितलं तर सगळे एकत्र उभे. बरं झालं, मी वाईट म्हणत नाही. पण चिठ्ठ्याही गेल्या. आता म्हणे फोनवरून नाव पाठवलं की मोठ्या पडद्यावर येतं. मला विचारायला कुणी आलं नाही आणि मीही गेले नाही. माझे गुडघे तोवर गेले होते.

आता मी जे लिहिणार आहे ते नीट वाच.

दोन वर्षांपूर्वी माकणीहून तिचे चुलतभाऊ कागद घेऊन आले. हक्कसोडपत्र. बापाच्या जमिनीतला लेकीचा हक्क लेकीनं सोडून द्यायचा, त्याचा कागद असतो. सगळ्याच बहिणी करून देतात. ती म्हणाली, "कुठं अंगठा करू सांगा." मी म्हणाले, "वाचल्याबिगर न्हाई." आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला लागले. ती समोर डाळ निवडत होती. वारसांची नावं आली. अमक्याची मुलगी अमकी. मी त्या नावावर बोट ठेवलं.

"ही कोण गं? तुला बहीण होती का?"

"मीच की अक्का," ती म्हणाली, डाळीतून डोकं वर न काढता. "लग्नात तांदळात नाव लिहून बदललं न्हाई का? आपल्याकडं आधीच त्या नावाची चुलतसासू होती."

अगं, मी चाळीस वर्षांहून जास्त त्या बाईबरोबर एका चुलीवर जेवले. तिची चार बाळंतपणं मी केली. आणि तिचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, कुणीच विचारलं नव्हतं. आणि तिलाही इतकी वर्षं सासरच्या नावाला 'ओ' देऊन देऊन तेच आपलं नाव वाटायला लागलेलं. 'माझं नाव लिहा' म्हणाली तेव्हा तिच्या मनात कुठलं होतं, कोण जाणे. त्यानं मात्र ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. तो निघून गेला तेव्हा तिचं लग्न कुठं झालं होतं? त्याच्यासाठी ती चिठ्ठी कळंबच्या कुण्या परक्या सौभाग्यवतीची होती. तो मान वर करून कशाला बघेल?

आणि हे एवढंच असतं तरी मी सहन केलं असतं. पण ते कागदावरचं नाव मी आधी ऐकलेलं होतं. माईकवर, दोनदा. बहीण कळंबला दिली, एवढंच त्याला वर्षभरात कुठूनतरी कळलं असणार. ते नाव घेऊन मी पोरींना विचारत फिरले होते.

पुढच्या ओळीत त्याचं नाव होतं. त्याच्यापुढं कंसात 'मयत'. चुलतभाऊ म्हणाला, सोलापुरात गेला, बरीच वर्षं झाली, आम्हालाही उशिरा कळलं. तुझ्या आजीनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हात पदराला पुसले आणि अंगठा केला. मग म्हणाली, "चहा ठेवू का पाव्हण्यास्नी?"

मी तेव्हा बोलले नाही. बोलून काय करायचं, असं स्वतःला समजावलं. दोन वर्षं समजावलं. खरं कारण तुला सांगते, मला भीती वाटली. ती मला अक्का म्हणते. या घरात मी शहाणी, मी लिहिती, तिला सगळं माझ्या विश्वासावर. ती भावाला दगडाचा समजून बसली आणि दगडाचा तो नव्हता, चूक माझी होती, हे तिच्या तोंडावर कसं सांगायचं? आणि ती आता किती थकली आहे हे तुला फोनवर दिसत नाही. फोनवर ती आवाज चढवून बोलते, तुला वाटतं धडधाकट आहे. दिवाळीपासून ती अंथरुणाला आहे. जेवण दोन घास. डॉक्टर आता गोळ्या वाढवत नाहीत, कमी करतात. यावरून काय ते समज.

तर मग तुझा तो व्हिडिओ आला. मी तिच्या उशाशी बसून तिला दाखवला. ते दिवे तिच्या तोंडावर पडले. बराच वेळ बघून ती म्हणाली, "अक्का, ढोलवाला कुठाय?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याचा विषय काढला. मला मग राहवलं नाही. मी सांगून टाकलं. चिठ्ठीवर मी कुठलं नाव लिहिलं ते, आणि त्याला ते का कळलं नसणार ते. मला वाटलं, आता बोलेल, आता माझं काढेल. ती म्हणाली, "मंजे त्यानं टाकलं न्हाई मला."

"न्हाई गं. पुढच्या साली त्यानं तुला हाक मारली. माईकवरनं. मीच खुळी, मला कळलं न्हाई."

"हाक मारली?"

"दोनदा."

"आन् मी भाकरी थापत होते."

"व्हय."

ती रडली नाही. मी रडले. तीच माझ्या मनगटावर हात ठेवून पडून राहिली, काडीसारखा हात झालाय. मी म्हणाले, "शिव्या दे मला." ती म्हणाली, "तुम्हाला कशाच्या शिव्या देऊ? नियमानं लिहिलं तुम्ही." ते मला शिवीपेक्षा लागलं, पण तिनं लागावं म्हणून म्हटलं नव्हतं.

मग थोड्या वेळानं म्हणाली, "कशी मारली हाक? मारून दाखवा."

मी तिचं माहेरचं नाव घेतलं. तिनं मान हलवली. "तसं न्हाई. त्यो शेवटचं अक्षर वढायचा. लांब. विहिरीपासनं घरापत्तूर आवाज येईल असा." मी पुन्हा घेतलं. पुन्हा मान हलवली. पाच-सहा वेळा झालं. शेवटी हसली, "र्‍हाऊ द्या अक्का. तुमच्या तोंडात ते बसंना."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या आईला सांगितलं, तू घे. तुझी आई लाजली. "आईला नावानं कशी हाक मारू, मोठी आई? जिभंवर येत न्हाई." खरंच आहे तिचं, तिला कसं जमेल? आता त्या नावानं हाक मारणारं माकणीतही कुणी उरलेलं नाही. चुलतभाऊ आक्का-ताई करतात.

राहिलीस तू. तू लहान असताना दारातून आत येताच आजोबांना त्यांच्या नावानं हाक मारायचीस, शेवटचं अक्षर ओढून, आणि आम्ही तुला ओरडायचो. मोठ्या माणसाचं नाव घेते, जीभ झडेल म्हणायचो. तुझी आजी मात्र कधी ओरडली नाही, चुलीपुढून तोंड फिरवून बसायची. तेव्हा मला वाटायचं ती लाड करते. आता वाटतं, तिला त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत असेल.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. कागदावर दुसरंच नाव लिहून एकदा मी ते बुडवलं आहे. तू आलीस की दारातच तुझ्या कानात सांगते. चपला काढायच्या आधी, बॅग खाली ठेवायच्या आधी, आतल्या खोलीकडं तोंड करून एकदा हाक मार. शेवटचं अक्षर ओढून. तिला हल्ली दुपारी जाग असते, सकाळी नसते, तेव्हा पहाटेच्या गाडीनं निघ म्हणजे दुपारपर्यंत कळंबला पोचशील. शनिवार-रविवारची वाट बघू नकोस गं. मीटिंग राहू दे. ये.